परगावचे वावर आणि परदेशातला कारखाना

(नागपूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वेचणीला माणूस मिळत नाही, अशा दिवसांत तुम्ही एक दिवस मोडून इथे आलात. तेव्हा तुमचा वेळ वाया जाईल असे काही बोलणार नाही. आजचा विषय ऐकायला शहरी वाटेल. कारखाने देशाबाहेर पाय पसरतात तेव्हा त्यांचे भले होते की वाटोळे, हा तो विषय. मघाशी चहाच्या वेळी एका म्हाताऱ्याने मला विचारलेच, "भाऊ, थे कारखाने अमेरिकेत जावो का चंद्रावर जावो, आमाले काय भेटते?"

प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात घरापासून करतो. आमच्या तालुक्यात शेतकऱ्यांनी भाग घेऊन एक जिनिंग-प्रेसिंग उभी केली. पहिले दोन हंगाम बरे गेले. गेल्या महिन्यात मुंबईचा एक दलाल आला आणि म्हणाला, "गाठी इथल्या व्यापाऱ्याला कशाला विकता? बांगलादेशात स्वतःचे गोदाम घ्या, माणूस ठेवा, थेट तिथल्या सूतगिरणीला माल द्या. कर्ज मी मिळवून देतो." संचालकांपैकी निम्मे हो म्हणतात, निम्मे नाही म्हणतात. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. हात वर करण्यापूर्वी, जे आपल्याआधी बाहेर गेले त्यांचे काय झाले ते पाहावे, एवढ्यासाठी हे बोलणे.

नागपूरचीच गोष्ट

ही गोष्ट नवी नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. विलायतेतल्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस मिळेल त्या वाटेने मुंबईला जाऊ लागला. व्यापारी पेढ्यांनी हाँगकाँग, शांघाय, लंडन असे हातपाय पसरले. त्यांतलीच एक पेढी टाटांची. तरुण जमशेटजी टाटा लंडनला निघाले, तिथे कारभार थाटण्यासाठी. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि जमशेटजींच्या हातातल्या कापसाच्या हुंड्या रद्दी झाल्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही, देणेकऱ्यांसमोर सगळा हिशेब मांडला आणि फेडीसाठी मुदत मिळवली.

ठेच लागली, पण शहाणपण आले. त्या मुक्कामात त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या पाहिल्या. पुढे स्वतःची मोठी गिरणी काढायची ठरली, तेव्हा सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना हा माणूस नागपुरात आला. कारण सरळ होते. कापूस इथे, १८६७ मध्ये रेल्वे आलेली, वरोऱ्याचा कोळसा जवळ. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. आधी घरचा पाया बांधला, यंत्रे सुधारली, कामगार टिकवला आणि मग सूत चीनपर्यंत विकले. जहाज कंपनी भाडे जास्त घेते म्हणून १८९३ च्या सुमारास जमशेटजींनी जपानी कंपनीशी मिळून स्वतःची बोटही चालवून पाहिली. बड्या इंग्रजी कंपनीने भाडे इतके पाडले की हा डाव त्यांना गुंडाळावा लागला. डाव फसला, पण गिरणी बुडाली नाही, कारण ती त्या डावावर उभी नव्हती. १८६५ आणि १८९३ मधला फरक नीट ध्यानात ठेवा. माणूस तोच, धाडसही तेच, पण दुसऱ्या वेळी खालची जमीन पक्की होती.

पुढे शंभर वर्षांनी त्याच गिरण्यांची दैना झाली. १९८६ मध्ये त्या राज्य सरकारकडे गेल्या, नंतर बंद पडल्या, आणि आज त्या जागेवर मॉल उभा आहे. पण तो आजारच वेगळा होता. त्यावर पुन्हा कधीतरी.

तीन टप्पे

देशाबाहेर गेल्याने कारखान्याचा नफा वाढतो की घटतो, यावर जगभरच्या विद्वानांनी पन्नास वर्षे आकडेमोड केली आहे. कोणाचे उत्तर वाढतो, कोणाचे घटतो, कोणी म्हणतो आधी घटतो मग वाढतो, कोणी नेमके उलटे सांगतो. तुम्हाला वाटेल, मग हे शिकले तरी काय? पण खोट विद्वानांत नाही. एकाच पऱ्हाटीचा फोटो कोणी जुलैत काढला, कोणी नोव्हेंबरात, कोणी मार्चमध्ये. चित्र वेगळे येणारच.

आपल्या भाषेत सांगतो. तुमचे घरचे दहा एकर आहे. शेजारच्या गावात आणखी पाच एकर मक्त्याने घेतले. पहिल्या वर्षी काय होते? जमीन कशी आहे, पाणी कुठे साचते, ठाऊक नाही. मजूर ओळखीचे नाहीत. धुऱ्यावरून भांडण निघते. नवखा म्हणून प्रत्येक जण दोन पैसे जास्त घेतो. मक्ता मात्र रोख भरावा लागतो. पहिले वर्ष तोट्याचे. कारखान्याचेही असेच. नवा कायदा, नवी भाषा, नवे गिऱ्हाईक. हा नवखेपणाचा भुर्दंड, तो चुकत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घडी बसते. बैलजोडी तीच, डवरा तोच, सालदार तोच, काम मात्र पंधरा एकरांवर. एकरी खर्च उतरतो. शिवाय घरी पाऊस दडी मारून बसला तर तिकडे एखादी सर येऊन जाते. कारखान्याचेही तसेच. यंत्राचा, संशोधनाचा, नावाचा खर्च जास्त मालावर वाटला जातो. एका देशात मंदी आली तर दुसरा देश तारून नेतो. हा कमाईचा टप्पा.

मग माणसाला हाव सुटते. तिसऱ्या गावात वावर, चौथ्या गावात वावर. आता मालक दिवसभर फटफटीवर. इकडे वेचणी खोळंबली, तिकडे जनावरे शिरली. मक्त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज घरच्या पिकातून जाऊ लागते. हा तिसरा टप्पा. यात माणूस मोठा दिसतो आणि आतून रिकामा होत जातो.

पुण्याचा लोहार

पुण्याच्या भारत फोर्जचे पाहा. १९६१ मध्ये नीळकंठराव कल्याणींनी ही कंपनी काढली. धंदा काय, तर लोखंड तापवून ठोकायचे, मोटारींचे सुटे भाग घडवायचे. म्हणजे लोहारकीच, पण हजारो टनांची. २००४ च्या सुरुवातीला त्यांनी जर्मनीतला एक मोठा कारखाना घेतला. पाठोपाठ २००५ मध्ये स्वीडन, अमेरिका, मग चीनमध्ये भागीदारी. जगातल्या पहिल्या दोन-तीन घडाई कंपन्यांत नाव जाऊन बसले. डोके असे की, अवजड आणि स्वस्तात होणारे काम पुण्यात करायचे आणि गिऱ्हाइकाच्या दाराशीही एक कारखाना ठेवायचा, म्हणजे त्याचा भरवसा बसतो.

२००८ मध्ये जगात मंदी आली. मोटारी खपेनात. पुण्याच्या कारखान्याने खर्च आवळून तग धरला. पण तिकडचे कारखाने अर्धे रिकामे, पगार मात्र पूर्ण. घरचा नफा बाहेरचा तोटा भरण्यात गेला. मग त्यांनी काय केले? हट्ट धरला नाही. अमेरिकेतला कारखाना बंद केला, चीनच्या भागीदारीतून बाहेर पडले. जर्मनीत राहिले. पुढे दहाएक वर्षांनी अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या कामासाठी स्वतः नवा कारखाना बांधला.  मागे सरण्यात लाज नसते. जे वावर पोसत नाही ते मक्ता संपताच सोडायचे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

जळगावचे ठिबक

आता तुमच्या माझ्या वावरातली गोष्ट. जळगावच्या जैन कंपनीचे ठिबक इथे किती जणांकडे आहे? हात वर करा. बरेच आहेत.

जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन. १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. १९७८ मध्ये केळीची भुकटी करण्याचा एक जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढून परदेशी विकायला सुरुवात केली. म्हणजे शेतकऱ्याचा माल, इथला कारखाना, बाहेरचे गिऱ्हाईक. मग पाइप आले, मग ठिबक. ठिबकने या राज्यातल्या शेतकऱ्याचे किती पाणी वाचवले ते मी सांगायला नको.

२००६ पासून कंपनी परदेशात कारखाने घेऊ लागली. अमेरिकेत ठिबकचे, कांदा वाळवण्याचे. २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा हिस्सा घेतला, २०१२ मध्ये उरलेला निम्माही. विचार करा, ज्या इस्रायलकडून जग ठिबक शिकले, तिथली कंपनी खानदेशच्या माणसाने घेतली. आपल्या सगळ्यांची छाती फुगावी अशीच ती गोष्ट होती. फायदाही खरा झाला. तंत्र आले, बाजार मिळाला, कंपनी जगात दुसऱ्या क्रमांकाची गणली जाऊ लागली.

मग गाडे अडले कुठे? दोन ठिकाणी. पहिले घरी. ठिबकचा धंदा अनुदानावर चाललेला. सरकार अनुदान देणार हे नक्की, पण कधी देणार ते सांगणार नाही. तुम्ही फाईल घेऊन तालुक्याला खेटे घालता, कंपनी मुंबईला घालते. शिवाय सरकारी सिंचन प्रकल्पांची मोठी कामे घेतली, त्यांचेही पैसे अडकले. माल गेला, पैसा नाही. मधल्या काळात धंदा चालवायला कर्ज. दुसरे ठिकाण बाहेर. २०१७ मध्ये कंपनीने परदेशी बाजारातून २० कोटी डॉलर रोख्यांनी उचलले, व्याज सात टक्क्यांहून थोडे अधिक. त्याच वर्षी अमेरिकेत आणखी दोन कंपन्यांत मोठा हिस्सा घेतला.

आता डॉलरच्या कर्जाचा हिशेब आपण करू. २०१७ मध्ये डॉलर ६५ रुपयांच्या घरात होता. २० कोटी डॉलर म्हणजे १३०० कोटी रुपये. पाच वर्षांनी, २०२२ च्या सुरुवातीला, डॉलर ७५ च्या घरात गेला. तेच २० कोटी डॉलर झाले १५०० कोटी. एक छदामही नवा न घेता मुद्दल २०० कोटींनी वाढले. ज्याची कमाई डॉलरमध्ये येते त्याला हे पचते. ज्याची उधारी रुपयात, तीही सरकारदरबारी अडकलेली, त्याला कसे पचावे?

२०१९ मध्ये कंपनीचे हप्ते थकले. तीन वर्षे बँकांशी बोलणी चालली, २०२२ च्या मार्चमध्ये कर्जाची नवी घडी बसली. आणि मार्च २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्हुलिस या कंपनीत विलीन करून टाकला. त्या एकत्र कंपनीचा मोठा मालक सिंगापूर सरकारचा गुंतवणूक निधी, जैनकडे पाचव्या हिश्श्याच्या आसपास. सतरा वर्षांत घेतलेली परगावची बहुतेक वावरे देऊन घरचे वावर वाचवले. वाचवले हे महत्त्वाचे. कंपनी उभी आहे, जळगावचे काम चालू आहे.

मी कंपनीला नावे ठेवायला उभा नाही. बाहेर गेले म्हणून गाडे अडले, असा अर्थ काढू नका. बाहेरचे कारखाने त्यांच्या परीने चालत होते, म्हणून तर गिऱ्हाईक मिळाले. घरी पैसा अडकलेला असताना, कर्जाच्या पैशाने आणि दुसऱ्याच्या चलनात पाय पसरले, तिथे खाली पाणी लागले.

बुटीबोरीचे भोंगे

इथून तीस किलोमीटरवर बुटीबोरीला इंडोरामाचा कारखाना आहे. पॉलिएस्टरचा, म्हणजे आपल्या कापसाचा दुष्मनच म्हणा. हे लोहिया घराणे मूळचे भारतातले. सत्तरच्या दशकात बाप आणि एक मुलगा इंडोनेशियात गेले, सूत काढू लागले. दुसरा मुलगा थायलंडला गेला. तिसरा भारतात राहिला, त्याने नव्वदीच्या दशकात बुटीबोरीचा कारखाना उभा केला. तिघांचा धंदा कमीअधिक एकाच जातीचा.

थायलंडच्या भावाने २००३ मध्ये अमेरिकेत एक कारखाना घेतला, मग युरोपात, मग मेक्सिकोत. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक करणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी त्याची झाली. इकडे बुटीबोरी कच्च्या मालासाठी इतरांवर अवलंबून आणि खेळत्या भांडवलावाचून सुकत गेली. शेवटी २०१९ मध्ये थायलंडच्या कंपनीनेच भाग घेऊन तिला हात दिला. यंत्रे पुन्हा भरून चालली, २०२१-२२ मध्ये नफा दिसला. पाहा, जो बाहेर पसरला त्याने घरी राहिलेल्याला वाचवले. म्हणजे घरी बसणे हेही काही सुरक्षित नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. चीनमध्ये कारखान्यांवर कारखाने निघाले, स्वस्त मालाचा पूर आला. बुटीबोरीला पुन्हा तोटा झाला. आणि २०२० ते २०२२ मध्ये अमेरिका-ब्राझीलमध्ये अब्जावधी डॉलरची खरेदी केलेली थायलंडची ती बलाढ्य कंपनीही २०२३ मध्ये तोट्यात गेली. युरोपातले काही कारखाने तिला बंद करावे लागले. मघाशी सांगितलेला तिसरा टप्पा तो हाच. कितीही मोठा असो, तो सुटत नाही.

आमाले काय भेटते?

आता त्या बाबांच्या प्रश्नाकडे येतो. कारखाना बाहेर जिंकला तर आपल्याला काय मिळते? चांगला भाव मिळू शकतो, पण आपोआप नाही. कारखान्याचे बाहेरचे गिऱ्हाईक तुटले तर काय होते, ते मात्र आपोआप होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर लावला. कपड्यांचे कारखानदार दिल्लीला धावले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचा ११ टक्के कर वर्षाच्या शेवटापर्यंत उठवला. म्हणजे आपली बोंडे फुटायच्या आधी परदेशी गाठींना दार उघडे. कारखान्याचे दुखणे अमेरिकेत आणि इंजेक्शन आपल्या दंडाला.

कारखान्याला स्वस्त कापूस हवा, हे मी समजू शकतो. पण परदेशी जाण्याचा नफा त्याचा आणि तोटा आमचा, हा सौदा कोणत्या बाजारातला? बाजार खुला असेल तर दोन्ही बाजूंनी खुला हवा. आमचा माल बाहेर जायची वेळ आली की कधी बंदी, कधी कोटा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

म्हणूनच मी आमच्या जिनिंगच्या सभासदांना बाहेर जाऊच नका, असे सांगणार नाही. जा. पण कोणत्या क्रमाने, तेवढे सांगतो.

पहिले, आधी गाठ सुधारा. एक क्विंटल कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या गाठीला पाच क्विंटल कापूस. त्या पाच क्विंटलात खताच्या पोत्याचा एक प्लास्टिकचा धागा गेला तर सूत तुटते, रंगात डाग पडतो, आणि परदेशी गिरणी पूर्ण खेपेचा भाव कापते. सुती झोळीत वेचणी करणे, ओला कापूस बाजूला ठेवणे, हे घरी बसून होणारे काम आहे. त्याला कर्ज लागत नाही.

दुसरे, आधी माल पाठवा, मग गोदामाचे बघा. दोन-तीन हंगाम इथूनच निर्यात करा. बँकेची हमी हातात आल्याशिवाय गाठ हलवू नका. समजा, शंभर गाठी गेल्या. म्हणजे पाचशे क्विंटल कापूस. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये धरला तर चाळीस लाखांवर रक्कम होते. गाठीमागे हजार रुपये जास्त मिळाले, तर एक लाखाचा फायदा. पण पैसे सहा महिने अडकले आणि बँकेचे व्याज बारा टक्के असले, तर दोन लाख चाळीस हजार व्याजात गेले. फायदा कागदावर, तोटा घरात.

तिसरे, ज्या चलनात कमाई त्याच चलनात कर्ज. डॉलरचे व्याज कमी दिसते म्हणून भुलू नका.

चौथे, एकाच देशावर भिस्त नको. २०२५ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशने जमिनीवरच्या नाक्यांवरून आपले सूत घेणे बंद केले. काल उघडे असलेले दार आज लागू शकते.

पाचवे, बाहेर पडायची वाट आधीच ठरवा. किती तोटा झाला की परत फिरायचे, तो आकडा सभेच्या वहीत आजच लिहून ठेवा. तोटा झाल्यावर लिहायला बसलात तर हात धजत नाही.

आणि शेवटचे, जे पाचही कलमांपेक्षा मोठे आहे. कारखाना ज्याचा, त्याची फसगत झाली तर तो बँकेशी बोलणी करतो, सरकारकडे जातो, दुसरी कंपनी शोधतो. आपल्या जिनिंगमध्ये ज्या विधवा बाईने एका बंडीच्या पैशातून पाच भाग घेतले, तिला कोणी मुदत देणार नाही, तिच्यासाठी कोणी कर उठवणार नाही. म्हणून हात वर करताना दलालाच्या तोंडाकडे पाहू नका, तिच्या तोंडाकडे पाहा. ती हिशेब समजून हो म्हणाली तर खुशाल चितगावपर्यंत जा.

परगावचे वावर घेऊ नये असे कोणी शहाणा सांगणार नाही. पण घरच्या विहिरीचे पाणी गहाण टाकून ते भिजवायला जाऊ नये, एवढेच.